गोळीबाईचा नेम

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे गोळीबाई म्हणत. तोंडावर सिस्टर, पाठ वळली की गोळीबाई. मोज्यांचा कारखाना होता तो. सहाशे बायका, दीडशे पुरुष, आणि आवाराच्या कोपऱ्यात, बॉयलरच्या भिंतीला टेकून उभा असलेला दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत बाक आणि वजनकाटा. आतल्या खोलीत पडदा, खाट आणि औषधांचं कपाट. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मावशी.

मी बारा वर्षांची असताना तिच्याकडे राहायला आले. आईच्या बदल्यांपायी माझी शाळा बुडायची, म्हणून आईने मला धाकट्या बहिणीच्या हवाली केलं. मावशीने लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर सहाशे जणींचे नवरे ऐकते. घरी आणखी एक कशाला?"

गोळीबाई हे नाव तिला संततिनियमनाच्या गोळ्यांवरून पडलं. ती कारखान्यात लागली तेव्हा बायका पाचव्या-सहाव्या बाळंतपणापर्यंत मशीनवर उभ्या राहत आणि तिथूनच दवाखान्यात जात. मावशीने एकेकीला गाठून, समजावून, कधी दटावून पाकिटं हातात ठेवली. "एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी, एकही चुकवायची नाही," हे ती पाढ्यासारखं घोकून घ्यायची. रंगखात्यातले पुरुष हसून म्हणत, "गोळीबाईचा नेम चुकत नाही." मावशीला ते आवडायचं. घरी येऊन मला सांगायचीसुद्धा.

तक्रारी असायच्या, नाही असं नाही. एक म्हणे अंगात पाणी धरलंय, अंगठी निघत नाही. एक म्हणे उगाच रडू येतं. पॅकिंगमधल्या एका बाईने तर पडद्याआड जाऊन हळूच सांगितलं होतं, "सिस्टर, नवरा जवळ आला की भिंत जवळ आल्यासारखं वाटतं. आधी असं नव्हतं." मावशीने तिला पाठीवर थाप मारून परत पाठवलं. "मनाचे खेळ असतात गं. गोळी पोटात जाते, मनात नाही." हे वाक्य तिचं ठरलेलं होतं. मीही ते शाळेत मैत्रिणींना ऐकवलेलं आठवतं.

मग एक बाई आली. वय सव्वीस, दोन मुलं, धाकटं आठ महिन्यांचं. तिला सगळे घाई म्हणत, कारण ती चालत नसे, पळत असे. चपलांचा फटफट आवाज आधी यायचा, मग ती. कारखान्यात विणून आलेल्या मोज्याचं पुढचं तोंड बंद करायचं तिचं काम. गोल फिरणाऱ्या चकतीवर बारीक सुया असतात आणि त्या एकेका सुईवर मोज्याचा एकेक टाका चढवायचा असतो. एक टाका हुकला तर मोज्याच्या बोटांशी भोक पडतं. घाईचे टाके कधी हुकत नसत. तिचा नवरा रंगखात्यात होता, कोपरापर्यंत निळा.

"सिस्टर, मला ती एकवीस-सात द्या," ती दारातूनच म्हणाली होती. "तिसरं आलं तर मला कुठे ठेवू ते कळणार नाही, आणि मी कुठे जाऊ तेही."

मावशीने पाकीट दिलं. रक्तदाब घेतला नाही, यंत्राची नळी फाटली होती. फक्त वजन घेतलं.

तिसऱ्या महिन्यात घाई डोकेदुखीची तक्रार घेऊन आली. डोकं दुखायच्या आधी, म्हणाली, डोळ्यांच्या कडेला चमकणारी नागमोडी रेघ दिसते. पाण्यावर ऊन पडल्यासारखी. ती हळूहळू मोठी होते, वीसेक मिनिटांनी जाते आणि मग डोकं फुटायला लागतं. मावशीने विचार केला, दिवसभर फिरत्या सुयांकडे बघायचं, त्यावर दिव्याचा उजेड, दिसणारच. कार्डावर लिहिलं: डोकेदुखी. पाणी भरपूर. ती आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा मावशीने तेच लिहिलं, दुसऱ्या वेळी तर नुसतं "वरीलप्रमाणे".

सोमवार होता तो. सकाळच्या चहाच्या सुट्टीत घाई आली. या वेळी पळत नव्हती.

"सिस्टर, उजव्या हाताची बोटं माझी नाहीत असं वाटतंय. टाका चढवते आणि सुई भलतीकडेच. आणि मघाशी मशीनवरचा नंबर वाचता येईना."

"मान दाखव. अवघडलीय. बाळाला कुठल्या हातावर घेतेस?"

"उजव्या."

"मग काय तर. आज जपून कर. डॉक्टर उद्या येतायत. उद्या ये."

"उद्या?" घाई म्हणाली.

"उद्या पहिला नंबर तुझा."

तीन वाजता तिला मशीनवरून उचलून आणलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात आणि पाय ओल्या कापडासारखे. मावशी गाडीत तिच्याबरोबर मोठ्या इस्पितळात गेली. रस्ताभर तिचा तो हात आपल्या हातात धरून बसली होती. मला नंतर म्हणाली, "जड होता गं. आठ महिन्यांच्या पोराएवढा जड."

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. घाई वाचली. चार महिन्यांनी घरी आली तेव्हा काठी घेऊन, पाय ओढत चार पावलं टाकू शकत होती. उजवा हात गेला तो गेलाच. आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं असं नाही. एक शब्द राहिला.

मावशी पहिल्यांदा तिच्या घरी गेली तेव्हा मी बरोबर होते. तेरा वर्षांची होते मी. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीखाली खाट. सासूने खुर्ची पुढे केली. घाईने मावशीकडे पाहिलं, डावा हात उचलला आणि स्पष्ट म्हणाली, "उद्या."

मावशी खुर्चीत बसणार होती, ती तशीच उभी राहिली.

"तिला एवढंच येतं हो," सासू म्हणाली. "पाणी हवं असलं तरी उद्या, पोर रडलं तरी उद्या. मुलीलाही उद्या म्हणूनच हाक मारते."

पाच वर्षांची मुलगी खाटेच्या पायाशी बसून आमच्याकडे टक लावून बघत होती. घाईने परत तोच शब्द म्हटला, या वेळी चढ्या आवाजात, जणू प्रश्न विचारला. मग हळू. मग डोळ्यांत पाणी आणून. सगळं बोलणं त्यात होतं आणि काहीच नव्हतं. वाटेत मावशीने मला विचारलं, "तिने माझ्याकडे बघून म्हटलं ना? तुला काय वाटतं?" मी म्हटलं, ती सगळ्यांनाच म्हणते.

इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना मावशी जाऊन भेटली. त्या म्हणाल्या, असं होतं. भाषेची जागा मेली की कधी कधी एखादा शब्द उरतो, तो का आणि कुठून, ते कुणाला सांगता येत नाही. त्याचा अर्थ लावत बसू नका. मावशीने मान डोलावली. पण तो सोमवार त्यांना माहीत नव्हता. मावशीने सांगितला नाही.

कुणालाच सांगितला नाही. आणि कुणी विचारलंही नाही. हे मला पुढे फार वर्षांनी समजलं, की तिला खाऊन टाकत होतं ते हे, कुणी विचारलं नाही हे. व्यवस्थापनाने फुलांचा गुच्छ पाठवला. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, तरुण वयात होतं असं क्वचित. नवऱ्याने तर दवाखान्यात येऊन हात जोडले. "सिस्टर, तुम्ही वेळेवर गाडी बोलावली म्हणून ती आहे." ते निळे हात मावशी विसरली नाही.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. मावशी बोलता बोलता थांबायची आणि दाराकडे बघायची. दवाखान्यात तर रोज व्हायचं, असं तिथली झाडूवाली मला सांगायची. कुणाच्या तोंडात थर्मामीटर ठेवलेला असायचा आणि सिस्टर मान वर करून बाहेरच्या वाटेकडे कान देऊन बसलेली. "कोण आलं?" असं विचारायची. कुणी आलेलं नसायचं. "चपला वाजल्या ना?" घरीही एकदा भर दुपारी, मी अभ्यास करत असताना, तिने उठून दार उघडलं. जिना रिकामा होता. ती तिथे उभी राहिली, मग खाली वाकून पायपुसणं सरळ केलं, जणू त्यासाठीच उठली होती.

त्या पावलांना ती भूत म्हणत नसे. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. "कान खोटं बोलतात," म्हणायची. पण दार उघडायची.

याच सुमारास तिने डॉक्टरांकडून एक जाडजूड पुस्तक मागून आणलं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला माझं गणित, दुसऱ्या बाजूला तिचं पुस्तक आणि मधे शब्दकोश. पंचेचाळिशीला आलेली बाई परीक्षेला बसल्यासारखी वाचत होती. एका संध्याकाळी तिने पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, "गोळी मनात जात नाही असं मी अठरा वर्षं सांगितलं. चूक. ती सगळीकडे जाते."

मग मला समजावून सांगितलं, मला कळेल अशा भाषेत. किंवा स्वतःलाच सांगितलं असेल. रोज गोळीतून बाहेरचे हार्मोन येतात, तर मेंदूला वाटतं घरात सगळं भरलेलं आहे, आणि तो अंडाशयाला हाक मारायचं सोडतो. अंडाशय गप्प झोपून राहतं. बाईचे स्वतःचे हार्मोन खाली जातात, बाहेरचे त्यांच्या जागी बसतात. गोळी गिळली की आधी यकृतात जाते. यकृत मग रक्तात जास्तीची प्रथिनं सोडतं. त्यातली काही पुरुषी हार्मोनला धरून ठेवतात, आणि तो हार्मोन बाईलाही थोडा लागतो. म्हणून कुणाचे मुरूम जातात, कुणाची इच्छा जाते.

"ती पॅकिंगमधली," मावशी म्हणाली. "भिंतीवाली. खरं सांगत होती ती."

रक्तातली चरबी थोडी वाढते. साखर बहुतेकींची जागच्या जागी राहते, पण जिला बाळंतपणात साखरेचा त्रास झाला असेल तिच्यावर डोळा ठेवायचा. वजन, लोक म्हणतात तितकं या गोळीने वाढत नाही; तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने काहींचं वाढतं. आणि रक्त थोडं लवकर गोठतं. थोडंच. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव जणींना कळतही नाही इतकं. पण जिला डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा दिसतात, तिला ही गोळी द्यायचीच नसते. तिच्यासाठी दुसऱ्या गोळ्या असतात, एकाच हार्मोनच्या. छापलेलं होतं तिथे. ओळीखाली मावशीने रेघ ओढली नव्हती, पुस्तक डॉक्टरांचं होतं. पण ते पान आपोआप उघडायचं.

"सरासरी, सरासरी लिहिलंय सगळीकडे," ती म्हणाली. "सरासरी बाई मी अजून पाहिलेली नाही."

इकडे कारखान्यात वेगळंच चाललं होतं. घाईला जे झालं ते गोळीने झालं, ही कुजबुज कुठून सुटली कोण जाणे, पण सुटली. गोळीने जीभ जाते, अशी तिची आवृत्ती झाली. बायकांनी पाकिटं फेकली. संडासाचे पाइप तुंबले तेव्हा नळवाल्याने बादलीभर चंदेरी पाकिटं बाहेर काढली. मावशीने ती पाहिली. पहिल्यांदाच तिने कुणाला दटावलं नाही, समजावलं नाही. तोंडच उघडवत नव्हतं. कुणी गोळी मागायला आलं तर म्हणायची, "नको, राहू दे सध्या. डॉक्टरांना विचारू." कपाटातला खण तिने कुलूप लावून बंद केला.

सहा महिन्यांत एकोणीस जणी गरोदर राहिल्या. त्यांतली एक पॅकिंगमधलीच, तिन्ही मुलं शाळेत जाणारी, चाळिशीला टेकलेली. दोनदा दवाखान्यात येऊन बाकावर बसून गेली होती, काही न बोलता. ती कुठल्यातरी बाईकडे जाऊन पोट पाडून आली. तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाली, अंगात सणकून ताप. मावशीने तिला खाटेवर झोपवलं, चादर उचलली आणि परत खाली सोडली. गाडी बोलावली. या वेळी गाडी वेळेवर आली नाही असं नाही, आली होती. पण बाई दोन दिवसांनी गेली.

ही तीच. भिंतीवाली.

त्या दिवशी मावशी घरी आली, हात धुतले, परत धुतले. मी भांडी विसळत होते. ती माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "एकीला गोळी दिली म्हणून. दुसरीला दिली नाही म्हणून. आता सांग, मी उद्यापासून काय करू?" आणि तो शब्द आपल्याच तोंडून ऐकून ती अशी दचकली की तिच्या हातातला ग्लास सुटला.

दुसऱ्या दिवशी तिने खणाचं कुलूप काढलं. स्वतः जाऊन रक्तदाबाचं नवं यंत्र घेऊन आली. आणि त्या दिवसापासून गोळी मागायला आलेल्या प्रत्येक बाईला ती पडद्याआड बसवायची, दंडाला पट्टा बांधायची आणि विचारायची. डोकं दुखतं? दुखायच्या आधी काही दिसतं? घरात कुणाच्या पायात, छातीत, डोक्यात रक्ताची गाठ झालेली? सिगारेट, तंबाखू? शेवटच्या बाळंतपणात साखर? मग पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या शब्दांत. आणि जाताना: पायाची पोटरी दुखली, छातीत कळ आली, डोळ्यांपुढे रेघ दिसली, बोटं बधिर झाली, तर त्याच क्षणी यायचं. मी जेवत असले तरी, डॉक्टर नसले तरी.

बायका कंटाळायच्या. "गोळी घ्यायला गेले आणि कोर्टात साक्ष देऊन आले," असं एक म्हणाली. सुपरवायझर तणतणत आला, एका गोळीला पंधरा मिनिटं? मावशी म्हणाली, "साहेब, तुमच्या मोज्याला भोक पडलं तर तुम्ही मोजा बदलून देता." हळूहळू बायका परत आल्या. कुणाला त्याच गोळ्या मिळाल्या, कुणाला एकाच हार्मोनच्या, कुणाला तांबी बसवून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलं. कुणी रडू येतं म्हणाली तर मावशी आता गोळी बदलून बघायची. मनाचे खेळ, हे शब्द मी तिच्या तोंडून परत ऐकले नाहीत.

लोक म्हणू लागले, गोळीबाई आता किती जपून काम करते. तो रंगखात्यातला विनोद मात्र कुणी केला की ती उठून जायची.

आणि दर रविवारी ती घाईकडे जायची. सकाळी नऊ ते बारा. तिच्या हाताचे व्यायाम, अंघोळ, केस. सासू थकत चालली होती, तिला तेवढीच उसंत. नवरा चहा करायचा, सगळ्यांसाठी, घाईचा बशीत गार करून. हे आठ वर्षं चाललं. घाई खिडकीबाहेर बघत तो एक शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणायची आणि मावशी तिला उत्तर द्यायची, "हो गं," "बघू," "थांब जरा." कधी कधी घाई हसायची, अर्ध्या तोंडाने.

मी एकवीस वर्षांची असताना मावशीने ठरवलं की आता सांगायचं. का तेव्हाच, मला माहीत नाही. बहुतेक सासूच्या मृत्यूनंतर घर अगदी शांत झालं होतं आणि त्या शांततेत तिला बसवेना. त्या रविवारी नवरा चहाचे कप धूत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि एका दमात बोलली. रेघांचं, कार्डाचं, पाण्याचं, नळी फाटलेल्या यंत्राचं, त्या सोमवारचं. उद्या ये म्हणाली त्याचं.

त्याने नळ बंद केला. कप पालथा घातला.

"मला माहीत आहे, सिस्टर."

"काय माहीत आहे?"

"इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात विचारलं होतं, कुठल्या गोळ्या घेत होती, डोळ्यांपुढे काही दिसायचं का. मी हो म्हटलं. त्यांनी सगळं सांगितलं. आणि ती सोमवारी तुमच्याकडे येऊन गेली हे तिच्या शेजारच्या मशीनवालीने सांगितलं."

"मग इतकी वर्षं..." मावशी दारातून आत आली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

तो हात पुसत राहिला. "बोललो असतो तर तुमचं येणं बंद झालं असतं. नोकरी गेली असती तुमची, किंवा लाजेने नसता आलात. आई म्हातारी, पोरं लहान. मला रविवार हवा होता."

रागाने म्हणाला नाही तो. मावशी सांगते, रागावला असता तर बरं झालं असतं. दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं त्याने सांगितलं. मग विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना?"

ती तिथून परत आली तेव्हा मी घरीच होते. तिने मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आठ वर्षं मी त्याच्या हातचा चहा प्यायले. मला वाटायचं मी लपवतेय." मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर तिला हलकं वाटेल, पावलं थांबतील. उलट झालं. आता ती दाराकडे बघायची तेव्हा विचारायचीही नाही, कोण आलं म्हणून. नुसती बघायची.

पुढच्या रविवारी ती नऊ वाजता गेली.

मावशी निवृत्त झाली त्याला आता सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी घाईची मुलगी आमच्या घरी आली. चोवीस वर्षांची, छापखान्यात कामाला, लवकरच लग्न करणार होती. बसल्या बसल्या म्हणाली, "सिस्टर, मला गोळ्या सुरू करायच्यात. तुमच्याकडूनच माहिती हवी."

मावशी पाणी आणायला म्हणून आत गेली. मी मागे गेले तर ओट्याला धरून उभी होती. "मी नाही हे करणार," म्हणाली. मग बाहेर आली, कपाटातून यंत्र काढलं आणि मुलीच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब ठीक होता. प्रश्न सुरू झाले.

"डोकं दुखायच्या आधी काही दिसतं?"

"नाही."

"चमकतं काही? कडेला?"

"नाही हो."

"वाचता वाचता मधलीच अक्षरं गायब होतात, असं कधी झालंय?"

मुलगी थांबली. "एकदा झालं होतं. परीक्षेच्या दिवसांत. पण ते जागरणाने."

"किती वेळ?"

"पंधरा-वीस मिनिटं. एकदाच, सिस्टर."

मावशीने पट्टा सोडला आणि नीट गुंडाळला. "आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. तुला तांबी चालेल, नाहीतर दुसऱ्या गोळ्या. या नाहीत."

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गर्दी होती. आम्ही तिघी बाकावर बसलो. मुलगी जरा फुरंगटलेली होती, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. मग एकदम म्हणाली, "आईला नक्की काय झालं होतं? बाबा सांगत नाहीत. तुम्हाला माहीत असेल ना?"

मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही. सांगितलं. जसं वडिलांना सांगितलं होतं तसंच, काही न गाळता, आणि वडिलांना माहीत होतं हेही. मुलगी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत ऐकत होती. सांगून झाल्यावर ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिचा नंबर पुकारला तेव्हा मावशी उठायला लागली. "मी एकटी जाईन," मुलगी म्हणाली.

तिने तांबी बसवून घेतली, असं नंतर तिच्या वडिलांकडून कळलं. तिचं लग्न झालं, ती जवळच राहते. आमच्या घरी परत आली नाही.

मावशी अजून रविवारी घाईकडे जाते. गुडघे दुखतात, म्हणून मी सोबत असते. घाई आता बरीच थकली आहे, दिवसाचा बहुतेक वेळ डोळे मिटून असते. नवराही वाकलाय. मुलगी रविवारी सकाळी आईकडे येते, पण आम्ही पोहोचायच्या आत निघून गेलेली असते. कोपऱ्यावर एकदा मला दिसली, तिने मान वळवली. आम्ही आत जातो तेव्हा खाटेशेजारच्या स्टुलावर कोमट पाण्याचं भांडं झाकून ठेवलेलं असतं, आखडलेली बोटं बुडवून सैल करायला. शेजारी टॉवेल, घडी घातलेला. एकदा मी म्हटलं, मावशी, ती तुझ्यासाठी ठेवते गं हे.

"आईसाठी ठेवते," मावशी म्हणाली, आणि पाण्यात आपलं कोपर बुडवून ते फार गरम नाही ना, ते पाहिलं. "त्यात दुसरं काही शोधू नकोस."